आईची बोटं सकाळी वळत नाहीत, आणि औषधवाला म्हणतो ही कॅन्सरची गोळी

ज्वारीवाला

नमस्कार मंडळी. मी बार्शीचा. आई ४९ वर्षांची आहे. घरी कडक भाकऱ्यांचा व्यवसाय आहे, म्हणजे ती थापते आणि मी पोचवतो. गेल्या पावसाळ्यात तिला ताप आला. ताप चार-पाच दिवसांत उतरला, पण सांधे तेव्हा धरले ते धरलेच. आता संक्रांत होऊन गेली तरी "मूठच वळंना रे, पीठ कसं मळू" चालूच आहे. दोन्ही मनगटं आणि बोटांच्या मुळाशी सूज दिसते. उजव्या हातातली पाटली निघेना म्हणून सोनाराकडून कापून आणली. त्याचं तिला दुखण्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं की दोन-तीन दिवस ती ठणठणीत, नंतर परत तेच. मग एका हाडांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. आरए फॅक्टर पॉझिटिव्ह, एएसओ वाढलेलं, युरिक अ‍ॅसिड नॉर्मल. त्यांनी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा आणि फॉलिक अ‍ॅसिड लिहून दिलं, आणि ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला दाखवा अशी चिठ्ठी दिली. औषधाच्या दुकानात तो पोरगा भर गर्दीत म्हणाला, "कॅन्सर कुणाला झालाय?" आई शेजारीच उभी होती. घरी येऊन तिने पाकीट देवघराच्या फळीवर ठेवलं, ते अजून तिथेच आहे.

आता प्रश्न. हे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट नक्की करतात काय, हाडांच्या डॉक्टरांपेक्षा वेगळं? पुण्याला जायलाच हवं का? ती गोळी खरंच कॅन्सरची आहे का? आणि हे चिकुनगुनियामुळे झालं असेल तर आपोआप जाईल ना?

मधुमालती

अरे बाळा, आधी तिचं आंबट, दही, वांगं, हरभऱ्याची डाळ सगळं बंद कर. वात आहे तो. आमच्या नणंदबाईंना अस्संच झालं होतं, भिंत धरून चालायच्या. एका गावी रविवारी पुड्या मिळतात, मधातून घ्यायच्या. चौथ्या दिवशी जिना चढून वर आल्या! एकदम आयुर्वेदिक, काही साइड इफेक्ट नाही. हवं तर पत्ता पाठवते. त्या कॅन्सरच्या गोळ्या मात्र देऊ नकोस रे, लिव्हर जातं म्हणतात.

सांधेवाली

ज्वारीवाला, मी सोलापुरात ऱ्हुमॅटॉलॉजीची प्रॅक्टिस करते. तुमच्या आईला तपासल्याशिवाय निदान सांगणार नाही आणि गोळी घ्या-नका घेऊ हेही इथून सांगणार नाही. ज्यांनी ती लिहून दिली त्यांना आजच फोन करून सांगा की आईने अजून एकही घेतलेली नाही. त्यांना वाटत असेल की औषध चालू आहे. पण तुमचे बाकीचे प्रश्न माझ्यासमोर रोज कुणी ना कुणी मांडतंच, म्हणून जरा पसरून लिहिते.

हाडांचे डॉक्टर ऑपरेशन करतात, मी करत नाही. आमच्या खोलीत प्लास्टर नाही, करवत नाही. आम्ही मुळात एमडी मेडिसिनवाले, त्यानंतर या विषयाचं वेगळं शिक्षण घेतलेले. शरीराची संरक्षणाची यंत्रणा आपल्याच सांध्यांवर, कातडीवर, मूत्रपिंडांवर उठते त्या आजारांचं हे काम. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला आपल्याकडे आमवात म्हणतात, तो त्यातला रोजचा. मग ल्यूपस, सोरायसिसबरोबर येणारा संधिवात, मणका धरणारा अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, कातडी ताठ करणारा स्क्लेरोडर्मा. युरिक अ‍ॅसिड साचून होणारा गाऊटही आमच्याकडेच येतो, तो मात्र वेगळ्या जातीचा. नुसते म्हातारपणी झिजलेले गुडघे घेऊनही पुष्कळजण येतात, त्यांना मी व्यायाम सांगून परत पाठवते आणि ते नाराज होतात.

तुमच्या आई आल्या तर मी पहिल्यांदा रिपोर्ट बघणार नाही. "सकाळी हात किती वेळ आखडलेले असतात?" हा पुस्तकातला प्रश्न आहे, पण तो तसा विचारला की दहातल्या नऊ बायका "दिवसभर" म्हणतात. म्हणून मी विचारते, उठता किती वाजता आणि पहिली भाकरी तव्यावर कधी पडते? पाचला उठून साडेसातला पडत असेल आणि पूर्वी साडेपाचला पडत होती, तर मला उत्तर मिळालं. झिजेच्या दुखण्यात सकाळचा आखडलेपणा बहुतेक वेळा अर्ध्या तासात सुटतो, आणि कामाने दुखणं वाढतं. आमवातात तो तासभर किंवा त्याहून जास्त टिकतो आणि हालचालीने सैल होतो. वेणी कोण घालतं, नळ कसा सोडता, साडी पिळता येते का, जोडवी कधीपासून घट्ट झाली, असलं सगळं विचारत बसते. बाहेर रांगेतले लोक वैतागतात.

मग हात हातात घेते. बोटांच्या मुळाचे सांधे आडवे दाबले की माणूस कळवळतो का ते बघायचं. नंतर एकेक सांधा दोन अंगठ्यांनी चाचपायचा. झिजेची गाठ हाडासारखी टणक लागते आणि ती बहुधा नखाजवळच्या सांध्यावर असते. आमवाताची सूज मऊ, पिकत आलेल्या चिकूसारखी, आणि ती बोटाच्या मुळाशी, मधल्या सांध्याला नि मनगटाला असते. नखाजवळचा सांधा या आजारात बहुतेक वाचतो. आम्ही असे २८ सांधे मोजतो: खांदे, कोपरं, मनगटं, दोन्ही हातांचे दहा-दहा, गुडघे. दुखरे किती, सुजलेले किती, हे कागदावर लिहायचं आणि प्रत्येक भेटीत परत मोजायचं. पावलं त्या २८मध्ये नाहीत, तरी मी चपला काढायला लावतेच, कारण बऱ्याच जणींचा आजार तळपायाच्या चवड्यापासून सुरू झालेला असतो आणि चप्पल बदलून बदलून त्यांनी तो रेटलेला असतो.

आता रिपोर्ट. आरए फॅक्टर पॉझिटिव्ह म्हणजे आमवात असं समीकरण नाही. वयस्कर धडधाकट माणसांत तो सापडतो, हिपॅटायटिस सीमध्ये सापडतो, क्षयातही सापडतो. उलट खरा आमवात असलेल्या साधारण पाचातल्या एकाचा तो निगेटिव्ह असतो. अँटी-सीसीपी नावाची तपासणी जास्त नेमकी आहे, ती झालेली दिसत नाही, ती होईल. एएसओचा कागद फाडून टाका. ती घशाच्या जंतूंशी संबंधित तपासणी आहे, लहान मुलांच्या हृदयाच्या संधिवाताचा संशय असेल तर उपयोगाची. पन्नाशीच्या बाईच्या बोटांशी तिचा काही संबंध नाही. पण लॅबच्या 'आर्थ्रायटिस प्रोफाइल'मध्ये ती वर्षानुवर्षं बसलेली आहे, आणि तेवढ्यावरून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनची इंजेक्शनं घेत असलेल्या मोठ्या बायका मी पाहिल्या आहेत.

चिकुनगुनियाबद्दल तुमची शंका अगदी रास्त आहे, त्यात तुम्ही बार्शीचे. या आजाराची साथ १९७३ साली तुमच्या बार्शीतच आली होती. त्यानंतर तो देशातून जवळपास नाहीसा झाल्यासारखा होता आणि २००५-०६मध्ये जोरात परतला. तापानंतर सांधे आठवडे, कधी महिने धरतात आणि बहुतेकांचे हळूहळू सुटतात. तीन महिन्यांच्या पुढे सूज राहिली तर मात्र "जाईल आपोआप" म्हणत बसू नये. काहींचा संधिवात हुबेहूब आमवातासारखा चालू राहतो. काहींना आमवात होणारच होता, तापाने फक्त तारीख लवकर आणली. तुमच्या आईचा पावसाळा ते संक्रांत म्हणजे ही मुदत होऊन गेली.

कॅन्सरच्या गोळीचं सांगते, कारण खरी अडचण तिथेच आहे. मेथोट्रेक्सेट कॅन्सरमध्ये वापरतात हे खरं आहे. हाडाच्या एका कॅन्सरमध्ये ते शिरेतून ग्रॅमच्या हिशेबात देतात. आमवातात आठवड्याला साधारण १० ते २५ मिलिग्रॅम. दुकानातल्या पोराने नाव बरोबर ओळखलं, मात्रा बघितली नाही. हे औषध ज्या घराण्यातलं, त्या अ‍ॅमिनोप्टेरिनवर अमेरिकेत लेडर्ले कंपनीत काम झालं ते आंध्रातल्या भीमवरमला जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखाली. १९४७-४८मध्ये ते लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये वापरलं गेलं, १९४८मध्येच सुब्बाराव वारले. १९५१मध्ये एका डॉक्टरने ते आमवातात आणि सोरायसिसमध्ये देऊन पाहिलं. कुणी फारसं लक्ष दिलं नाही, कारण तेव्हा सगळे कॉर्टिझोन या स्टेरॉइडच्या मागे होते. मेथोट्रेक्सेटच्या नीट चाचण्या व्हायला ऐंशीचं दशक उजाडलं आणि अमेरिकेत आमवातासाठी परवानगी मिळाली १९८८मध्ये. आज जगभर आमवाताचं पहिलं औषध हेच आहे, आणि स्वस्त आहे. इतकं स्वस्त, की काही पेशंटना त्याचीच शंका येते.

हे औषध दुखणं थांबवायचं नाही, म्हणजे लगेच नाही. परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर थोड्या मात्रेत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक देऊन वेळ काढतो आम्ही. लोक दोन आठवडे घेतात, "काही फरक नाही" म्हणून सोडतात आणि परत तीन दिवसांच्या इंजेक्शनकडे जातात. इंजेक्शनाने दुखायचं थांबतं पण आत सूज हाड कुरतडत राहते, आणि एक्स-रेमध्ये एकदा कड तुटलेली दिसली की ती भरून येत नाही. पहिले तीन ते सहा महिने म्हणून मोलाचे. दुखणं दाबणं आणि सांधा वाचवणं ही दोन वेगळी कामं आहेत, दोन्हींची औषधं वेगळी आहेत, आणि आपल्याकडे बहुतेकांना पहिलंच काम तेवढं झालेलं असतं. मला दिवसभरात दुसरं काही समजावून सांगायचं नसतं, हेच असतं.

जपायचं ते हे, की गोळी आठवड्यातून एकदाच. मी पेशंटला वार विचारते. कुणी सोमवार म्हणतं, कुणी गुरुवार. उपासाचा वार नको म्हणते. तो वार मराठीत, मोठ्या अक्षरात पाकिटावर लिहून देते. मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक अ‍ॅसिड बऱ्याच कंपन्यांच्या गोळ्यांत दोन्ही छोट्या आणि पिवळ्या असतात. अदलाबदल होऊन मेथोट्रेक्सेट रोज घेतलं गेलं तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी कोसळतात, माणूस जाऊ शकतो. दुकानात २.५ची आणि १०ची दोन्ही मिळतात, तेव्हा पाकीट बदललं की आकडा वाचायचा. लघवीच्या किंवा छातीच्या इन्फेक्शनसाठी कुणी कोट्रायमॉक्साझोल दिलं तर "मी मेथोट्रेक्सेट घेते" हे सांगायचं, दोघांचं जमत नाही. जोराचा ताप आला तर तो आठवडा चुकवायचा आणि फोन करायचा.

मधुमालतीताई, लिव्हरची भीती पूर्ण खोटी नाही, म्हणूनच आधी लिव्हरची एसजीपीटी, मूत्रपिंडांची क्रिएटिनिन, रक्तपेशींचा हिमोग्राम, हिपॅटायटिस बी आणि सी, छातीचा एक्स-रे बघतो. सुरुवातीला दर महिन्याला नि पुढे दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासतो. दारू पिणाऱ्याला मी हे औषध देताना दहादा विचार करते.

आणि पुडी. राग मानू नका. भिंत धरून चालणारी बाई चौथ्या दिवशी जिना चढते ही गोष्ट मी नाकारत नाही, असं घडतं. १९४८मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हेंच नावाच्या डॉक्टरने पहिल्या पेशंटला कॉर्टिझोन टोचलं तेव्हाही असंच घडलं होतं, अंथरुणाला खिळलेली बाई काही दिवसांत चालायला लागली. १९५०चं नोबेल त्याला मिळालं. चौथ्या दिवशी जिना चढवणारं माझ्या माहितीत तेच एक औषध आहे, स्टेरॉइड. नणंदबाईंचा चेहरा गोल झालाय का, साखर वाढलीय का, हाताला नुसतं लागलं तरी काळंनिळं होतं का, एवढं बघा. झालं असेल तर पुडी एकदम बंद करू नका. महिनोन् महिने बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं, अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळून दवाखाना गाठावा लागतो. पुडी बरोबर घेऊन डॉक्टरकडे जा. वैद्यांचा मला राग नाही. शिकलेले वैद्य औषधाचं नाव लिहून देतात. नाव न सांगता रविवारी वाटतात त्यांचा आहे.

दही-वांग्याचं: आमवात कुठल्याही भाजीने वाढतो असं मला कधी दिसलेलं नाही. सोलापूरकडच्या बाईचं आंबट बंद, डाळ बंद, शेंगदाणे बंद केले तर ती खाणार काय? अशक्तपणा आजाराने कमी आणि पथ्याने जास्त आलेला असतो. तंबाखू-सिगारेट मात्र खरोखर वाईट, त्याचं पथ्य कुणी सांगत नाही.

पुण्याला जायलाच हवं असं नाही. सोलापूर तुम्हाला जवळ आहे, पूर्वीसारखी परिस्थिती राहिलेली नाही. पण जिथे जाल तिथे दर दोन-तीन महिन्यांनी परत जाता आलं पाहिजे. एकदा मोठ्या डॉक्टरला दाखवून आलो, असा हा आजार नव्हे.

पाठकणा

सांधेवाली, तुमचं 'हालचालीने सैल होतो' वाचून थांबलो. मी नागपूरचा, वय ३४, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. कॉलेजात असताना पहाटे तीनला कंबर धरून जाग यायची, अंगणात चकरा मारल्या की बरं वाटायचं. घरचे म्हणायचे गादी बदल, बाईक सोड. कुणी स्लिप डिस्क म्हणालं, कुणी ट्रॅक्शन लावलं, आराम करायला सांगितलं, आणि आरामानेच जास्त दुखायचं. मग एकदा डोळा लाल झाला, उजेड सहन होईना. त्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळ्यात टॉर्च मारता मारता विचारलं, "कंबर दुखते का रे सकाळी?" एचएलए-बी२७ ही या आजाराची रक्ततपासणी त्यांनीच सांगितली. म्हणजे माझ्या कंबरेचं निदान डोळ्यांच्या दवाखान्यात झालं.

आता अदालिमुमॅब या सूज अडवणाऱ्या इंजेक्शनाची देशी आवृत्ती घेतो, पोटाला स्वतःच टोचतो. त्याआधी टीबीची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली होती, टीबी झालेला नव्हता, नुसता दबा धरून होता. आयसोनियाझिड ही टीबीची गोळी सुरू करून मला महिनाभर थांबायला लावलं आणि मग पहिलं इंजेक्शन. तेव्हा भयंकर चिडलो होतो. आता ठीक आहे.

एकच विचारायचंय, पोहणं चालू ठेवलंय, इंजेक्शनं कमी करता येतील का कधी?

सांधेवाली

पाठकणा, डोळ्यांच्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा. असे डॉक्टर तालुक्याला एक असते तर माझी निम्मी रांग वेळेवर आली असती. तरुण मुलगा, पहाटेची जाग, आरामाने वाढणारी कंबरदुखी, हे ऐकून ट्रॅक्शन लावतात तेव्हा काय बोलावं कळत नाही.

तुम्हाला महिनाभर थांबवलं ते बरोबरच होतं. आपल्या देशात दबा धरून बसलेला टीबी खूप जणांत असतो आणि या इंजेक्शनांनी तो उठतो. ही औषधं आली ती लंडनच्या केनेडी इन्स्टिट्यूटमधल्या रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांच्या कामातून, मैनी मूळ लुधियानाचे. १९९२च्या सुमारास तिथे पहिल्या आमवाताच्या पेशंटना टीएनएफ नावाचा सुजेचा निरोप्या अडवणारं औषध दिलं गेलं. आपल्याकडे किमती आवाक्याबाहेर होत्या. २०१४च्या शेवटी अदालिमुमॅबची देशी आवृत्ती आली तेव्हा पहिल्यांदा मी मास्तरांना, एसटीच्या कंडक्टरांना हे लिहून देऊ शकले. अजूनही महागच आहे. आमवातात टोफासिटिनिबच्या देशी गोळ्या त्यामानाने परवडतात, पण त्यालाही टीबी, नागीण, रक्ताच्या गुठळ्या यांचा विचार करूनच हात घालायचा.

कमी करण्याबद्दल: आजार पुरेसा काळ शांत असेल तर दोन इंजेक्शनांतलं अंतर वाढवून बघतात. एकदम बंद केलं की बऱ्याच जणांचा उलटतो. पोहणं सोडू नका.

अनामिका_सांगली

मला थोडं वेगळं विचारायचं होतं. मी २७, दोन वर्षांपासून आमवात, मेथोट्रेक्सेट आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू, आता अगदी बरी आहे. मेमध्ये लग्न ठरलंय. आई म्हणते मुलाकडच्यांना काही सांगायचं नाही, गोळ्या लग्नाआधी बंद करून टाकू. मूल होईल ना, हे विचारायचं धाडस डॉक्टरांसमोर झालं नाही, कारण आई नेहमी बरोबर असते.

सांधेवाली

अनामिका, पहिलं उत्तर: होईल. आमवाताच्या बायकांना मुलं होतात, माझ्या पेशंटची मुलं आता माझ्या टेबलावरचे पेन पळवतात.

मेथोट्रेक्सेट मात्र गरोदरपणात चालत नाही, गर्भपात होऊ शकतो, बाळात व्यंग येऊ शकतं. मूल हवं असेल तेव्हा आधी काही महिने ते थांबवतात, बहुतेक जण तीन महिने म्हणतात, आणि तोवर गर्भनिरोधन पक्कं हवं. त्याच्या जागी चालणारी औषधं आहेत. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन गरोदरपणात चालू ठेवता येतं. सल्फासलाझिनही चालतं. म्हणजे औषध बंद करायचं नसतं, बदलायचं असतं, आणि ते आजार शांत असताना, ठरवून. लग्नाच्या गडबडीत सगळ्याच गोळ्या कचऱ्यात टाकल्या तर मेहंदीच्या दिवशी बोटं सुजलेली असतील. हे मी घाबरवायला लिहीत नाही, मे महिन्यात दरवर्षी बघते म्हणून लिहिते. कधी लेफ्लुनोमाइड दिलं गेलं असेल तर तेही सांगा, ते शरीरात फार दिवस राहतं आणि मुद्दाम धुऊन काढावं लागतं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनसाठी डोळ्यांचा पडदा तपासून ठेवा, पाच वर्षांनंतर दरवर्षी.

मुलाकडच्यांना सांगण्याबद्दल डॉक्टर म्हणून माझा अधिकार नाही, बाई म्हणून मत आहे. सगळ्या खानदानाला सांगू नका, पण मुलाला सांगा, तेही आधी. दर दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासायचं आणि आठवड्यातून एक गोळी घ्यायची, हे एका खोलीत राहून किती दिवस लपणार? माझ्याकडे एक जोडपं येतं, त्यात नवरा मोबाइलवर दर रविवारी रात्री नऊचा गजर लावून ठेवतो. दुसरी एक माहेरी आली की मगच गोळ्या घ्यायची, पुढे मनगट वाकडं झालं तेव्हा सासरी कळलं. आईशी भांडू नका, पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगा की मला दोन मिनिटं एकटीने बोलायचंय. आम्ही आईंना वजन करायला बाहेर पाठवतो, त्यात नवीन काही नाही.

मधुमालती

नणंदबाईंना फोन केला. साखर निघालीय त्यांना गेल्या वर्षी. चेहरा भरलाय तो आम्ही तब्येत सुधारली समजत होतो. पुडी घेऊन त्यांच्या मुलाबरोबर जायला सांगितलंय. पण दही मी नाही खाणार हो, मला खरंच बाधतं.

सांधेवाली

मधुमालतीताई, नका खाऊ. तुमचं दही, तुमची मर्जी.

ज्वारीवाला

डॉक्टरताई, लिहिलेलं सगळं आईला वाचून दाखवलं. "पहिली भाकरी कधी पडते" तिथे ती हसली आणि म्हणाली, आता आठला पडते, आधी सहाला पडायची. सुब्बाराव तेलुगू होते म्हटल्यावर तिला का कुणास ठाऊक धीर आला. हाडांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले गोळी नीट ठेवा, आधी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टची भेट घ्या, ते सांगतील त्या वारापासून सुरू करू. सोलापूरची वेळ पुढच्या आठवड्यात मिळाली आहे.

तिची एकच चिंता आहे की डॉक्टर कामच बंद करायला सांगतील. आमचं घर त्यावर चालतं. आणि जाताना काय काय न्यायचं, उपाशीपोटी न्यायचं का?

सांधेवाली

काम बंद करायला सांगणाऱ्या डॉक्टरला विचारा, मग घरात पैसे कोण आणणार. सूज जोरात असताना थोडे आठवडे पीठ मळायला दुसरं कुणी बघा, किंवा मळायचं मशीन घ्या, थापणं तिने करावं. मनगटाला रात्री बांधायचा पट्टा मिळतो. औषध लागू पडलं की बहुतेकजणी पूर्वीच्या कामाला लागतात, भाकरी थापणाऱ्याही. तुमच्या पुण्याच्या वाटेवरच्या भिगवणला १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रांच्या पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसने घरोघर फिरून पाहणी केली होती, तिथे दर दोनशे प्रौढांत साधारण एकाला हा आजार निघाला. तो हिशेब लावला तर बार्शीएवढ्या गावात काहीशे माणसं असतील, आणि त्यात बायकाच जास्त. त्या सगळ्या घरी बसलेल्या नाहीत.

नेताना जुने सगळे कागद न्या, एएसओचा फाडला नसेल तर तोही असू दे. गावच्या डॉक्टरांनी जी इंजेक्शनं दिली त्यांची नावं मागून घ्या, नाव नसेल तर रिकामी बाटली. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत, ब्लडप्रेशरच्या, साखरेच्या, शेजारणीने दिलेल्यासुद्धा. सकाळी सूज असताना तिच्या दोन्ही हातांचा, मूठ वळवतानाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, कारण दुपारी दोनला माझ्यासमोर बसेपर्यंत हात बऱ्यापैकी सुटलेले असतात. त्या दिवशी वेदनाशामक घेऊन येऊ नका असं काही डॉक्टर सांगतात. मी सांगत नाही, एसटीत तीन तास बसायचं असतं. नेलपॉलिश नको, मेहंदी चालेल.

आणि उपाशी नको. ईएसआर, सीआरपी या सुजेच्या तपासण्या, अँटी-सीसीपी, एसजीपीटी सगळं जेवून दिलं तरी चालतं. साखर तपासायची असेल तर ते आधी सांगतील.